स्वयंसेवा की वेठ?

पुण्यात एखादी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरणार असे जाहीर झाले, की शहरात दोन कामे एकदम सुरू होतात. रस्त्यांच्या दुभाजकांना रंग लागतो आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर एक कागद लागतो. रंगाविषयी आम्ही यापूर्वी पुष्कळदा लिहिले आहे. तो पहिल्या पावसात उतरतो, त्याचे बिल मात्र उतरत नाही. आज लिहावयाचे आहे ते त्या कागदाविषयी. ‘स्वयंसेवक पाहिजेत’ असे त्याचे शीर्षक असते. खाली स्पर्धेचे नाव, तारखा, इंग्रजी बोलता येणाऱ्यांस प्राधान्य मिळेल अशी सूचना, दोन सदरे, एक टोपी, प्रमाणपत्र, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘मानधन दिले जाणार नाही’. तरीही कागद लागतो त्या दिवशी त्याच्यापुढे मुलामुलींची झुंबड उडते. ही झुंबड पाहून आम्हांला नेहमी बरे वाटत आले आहे. आजची तरुण पिढी पैशाशिवाय काडी हलवीत नाही, असे उठल्यासुटल्या सांगणाऱ्यांनी एकदा त्या फलकापाशी जाऊन उभे राहावे. परंतु नुसते बरे वाटून घेण्याचे दिवस आता उरलेले नाहीत, आणि म्हणूनच हा मजकूर आम्ही आज पहिल्या पानावर घेतला आहे.

कारण असे, की यापुढे हे कागद वारंवार लागणार आहेत. २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. १९३० साली कॅनडातील हॅमिल्टन शहरी या स्पर्धांचा आरंभ झाला होता. म्हणजे त्यांच्या शताब्दीचा सोहळा भारतात होणार. त्याच्याही पुढे, २०३६ चे ऑलिंपिक भारताला हवे आहे, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात जाहीरपणे सांगितलेच आहे. एवढ्या मोठ्या स्पर्धा उभ्या करावयाच्या म्हणजे हजारो हात लागतात. अहमदाबाद पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पुण्याची मुले तिकडे जातील, आणि पुण्यातही स्पर्धा होत राहतील. तेव्हा हे हात कोणत्या अटींवर मागावयाचे आणि कोणत्या अटींवर द्यावयाचे, याचा विचार मांडव पडण्यापूर्वीच व्हावयास हवा. मांडव पडल्यावर विचार करावयास कोणालाच फुरसत नसते.

स्वयंसेवक म्हणजे फाटकापाशी उभा राहून वाट दाखविणारा मुलगा, एवढेच चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांनी एखाद्या स्पर्धेची आतली बाजू पाहावी. पहाटे तीन वाजता विमानतळावर उतरलेल्या संघाला त्याच्या सामानासह बसमध्ये बसविणे, भोजनगृहात कोणत्या पदार्थात काय घातले आहे हे समजावून सांगणे, शर्यतीच्या आरंभरेषेवर धावपटूंनी उतरवलेले कपडे टोपल्यांत भरून ते अंतिम रेषेपाशी नेऊन ठेवणे, टेनिसच्या मैदानावर भर उन्हात वाकून चेंडू टिपणे, मॅरेथॉनच्या रस्त्यावर धावत्या माणसाच्या हाती पाणी देणे, ही सारी कामे याच मंडळींची. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीचेच उदाहरण घ्या. शर्यत संपताच ज्या खेळाडूची निवड चाचणीसाठी झाली असेल त्याला तशी लेखी सूचना द्यावयाची आणि तो नमुना देईपर्यंत त्याला क्षणभरही नजरेआड होऊ द्यावयाचे नाही, असा नियम आहे. खेळाडू जिंकलेला असला तर त्याला झेंडा अंगावर घेऊन मैदानाला फेरी मारावयाची असते. हरलेला असला तर कोठे तरी कोपऱ्यात जाऊन तोंड लपवावयाचे असते. दोन्ही वेळी आपली एखादी वीस वर्षांची मुलगी, गळ्यात ओळखपत्र अडकवून, त्याच्यामागून चार पावले चालत असते. तिची नजर चुकली तर त्या चाचणीवरच हरकत निघू शकते आणि एखाद्या पदकाचा निकाल वादात सापडू शकतो. हे काम हलके नाही. ते शिकवावे लागते, शिकावे लागते, आणि ते करणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जाण असावी लागते.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले ते १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी. त्याच बालेवाडीत २०१८ पासून काही वर्षे जगातले नामवंत टेनिसपटू खेळून गेले, २०२२ साली आशिया खंडातील महिला फुटबॉल संघ आले. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच क्रिकेट सामने गहुंजेला झाले. पण या सर्वांत आमच्या मते पुण्याची खरी परीक्षा झाली ती २००८ साली. १२ ते १८ ऑक्टोबर या सात दिवसांत राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा येथे झाल्या. एकाहत्तर देश आणि नऊ खेळ. भारताने ३३ सुवर्णपदकांसह एकूण ७६ पदके मिळवून पहिला क्रमांक घेतला, आणि बॅडमिंटनचे सुवर्ण ज्या मुलीने जिंकले त्या साईना नेहवालचे नाव पुढे घरोघरी झाले. हे आकडे नोंदवहीत आहेत. जे नोंदवहीत नाही ते असे, की आलेले खेळाडू ही पोरे होती. त्यांतली कित्येक आयुष्यात पहिल्यांदाच आईबापांपासून इतकी दूर आली असतील. त्यांना प्रशिक्षक होते, पथकप्रमुख होते, डॉक्टर होते. परंतु ‘घर’ म्हणून जे काही लागते ते पुण्याच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी पुरविले.

त्या आठवड्यात आम्ही बालेवाडीस गेलो होतो तेव्हाचा एक प्रसंग आम्हांला अजून आठवतो. कोणत्या तरी बेटावरच्या देशातून आलेला एक किरकोळ अंगाचा मुलगा भोजनगृहाबाहेरच्या पायरीवर बसला होता. त्याचे पोट बिघडले होते, पुढ्यातले काहीच त्याला खावेसे वाटेना. त्याच्याशेजारी बसलेल्या आपल्या एका विद्यार्थिनीने स्वतःचा डबा उघडला. आत दहीभात होता. हे काय आहे, याने पोटाला काही होणार नाही, हे ती त्याला आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावीत होती, आणि तो शंकित मुद्रेने चमचा चाटून पाहत होता. डबा संपला. ती दुपारी काय जेवली, हे आम्ही विचारले नाही. विचारावयास हवे होते, असे आता वाटते.

या वृत्तीला शिकवणीवर्ग लागत नाही. आषाढाच्या तोंडावर ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात, तेव्हा नाना पेठेत आणि भवानी पेठेत फिरून यावे. रस्त्याच्या कडेला चांभार बसलेले असतात आणि वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा शिवून देत असतात; नाभिक दाढ्या करून देत असतात; कोणी पाय चेपतो, कोणी पिठले-भाकरी वाढतो. एका पैशाची अपेक्षा नसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेच्या पाण्याने अर्धे पुणे चिखलात गेले, तेव्हाही हातात फावडी घेऊन लोकांच्या घरांतला गाळ उपसणारी माणसे कोणी बोलावून आणली नव्हती. सेवा म्हणजे काय हे पुणेकराला सांगावयास कोणी व्यवस्थापनशास्त्राचा पदवीधर नको.

परंतु येथेच विचाराला एक खाच पडते. वारकऱ्याची वहाण शिवून देणाऱ्या चांभाराच्या श्रमातून कोणी तिसरा नफा काढीत नाही. पालखीचे प्रक्षेपणहक्क विकून त्या पैशांतून कोणाला पगार दिलेला नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांची गोष्ट वेगळी आहे. एकट्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे २०१७ ते २०२१ या कालखंडातले उत्पन्न ७.६ अब्ज डॉलर होते. सगळ्याच स्पर्धा इतक्या श्रीमंत नसतात हे खरे, आणि पुष्कळशा तर सरकारी तिजोरीच्या टेकूवरच उभ्या असतात. पण छोटी असो की मोठी, आजची स्पर्धा हा एक व्यवहार असतो. तीत जाहिरातदाराला जाहिरात मिळते, वाहिनीला चित्रे मिळतात, कंत्राटदाराला कंत्राट मिळते, समारंभ बसविणाऱ्याला त्याची बिदागी मिळते, पाहुण्यांना पंचतारांकित खोली मिळते. खेळाडूंनाही आता काही ना काही मिळू लागले आहे, आणि ते योग्यच आहे. या लांबलचक रांगेत ज्याला काहीच मिळावयाचे नाही असे आधीच ठरलेले असते तो फक्त स्वयंसेवक. मग प्रश्न उभा राहतो, की या मुलाच्या सेवेने बचत होते ती कोणाची? तो सेवा करतो ती पाहुण्यांची, शहराची, खेळाची, की कंत्राटदाराच्या ताळेबंदाची?

वेठ हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. सरकारी कामाला गावातल्या विशिष्ट जातीच्या माणसाने हाक आली की निघावे, मोबदला मागू नये, आणि नाही म्हणू नये, ही रीत येथे पिढ्यानपिढ्या चालली. महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. ती वतने कायद्याने जावयास १९५८ साल उजाडावे लागले. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली ती उगाच नव्हे. आणि मौज अशी, की या अनुच्छेदाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने अत्यंत स्पष्टपणे सांगितला तो एका आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेच्या निमित्तानेच. १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा व्हावयाच्या होत्या. त्यांसाठी उड्डाणपूल, मैदाने, वसतिस्थाने बांधण्याचे काम धडाक्याने चालू होते. बांधकामावरील मजुराला दिवसाला सव्वानऊ रुपये किमान वेतन ठरलेले असता मधले जमादार त्यातला एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ पडत. एका लोकाधिकार संघटनेने हे गाऱ्हाणे न्यायालयापुढे नेले, आणि १८ सप्टेंबर १९८२ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला, की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात ज्याला नाइलाजाने राबावे लागते त्याचे ते राबणे म्हणजे सक्तीचे श्रमच होत. पाठीवर कोरडा ओढला तरच सक्ती, असे नव्हे. भूक आणि दारिद्र्य यांनी माणसाला दुसरा मार्गच ठेवला नसेल, तर तीही सक्तीच.

हा निकाल मजुरांविषयीचा आहे, महाविद्यालयीन स्वयंसेवकांविषयीचा नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. हौसेने आलेल्या मुलीला वेठबिगार म्हणणे हा तिचाही अपमान आणि त्या मजुरांचाही. तथापि त्या निकालात जो प्रश्न विचारला गेला तो येथेही विचारता येतो: या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती काय?

दुर्दैवाने पुष्कळदा ती नसते. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत या विषयाची पत्रे थोडी नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना ही गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झालेली, चांगल्या हेतूची योजना. तीत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी अशी अपेक्षा आहे. झाडे लावावीत, गावात जावे, साक्षरतेचे वर्ग घ्यावेत, रक्तदानाची शिबिरे भरवावीत, अशी ती कल्पना. आता अनेक ठिकाणी स्पर्धेचा संयोजक महाविद्यालयाकडे ‘शंभर मुले द्या’ म्हणून मागणी करतो, आणि महाविद्यालय ती पुरविते. द्या आणि पुरविते, ही क्रियापदे वाचकांनी नीट वाचावीत. मुले ही काय खुर्च्या आहेत? तास भरतील, गुण मिळतील, न आल्यास हजेरीचे बघून घेऊ, असे सांगितल्यावर कोणता विद्यार्थी नकार देईल? एका पालकाने लिहिले आहे, की त्यांच्या मुलीला अशाच एका स्पर्धेत सकाळी सहा वाजल्यापासून एका फाटकावर उभे केले. फाटक कोणते आणि कोणाला सोडावयाचे याखेरीज तिला काही सांगितलेले नव्हते. जेवणाचे पुडके दुपारी तीनला आले ते संख्येने कमी पडले. आणि रात्री साडेदहाला ती स्वतःच्या पैशाने रिक्षा करून घरी आली. प्रमाणपत्र अजून आलेले नाही. त्या फाटकावरचे काम वास्तविक पगारी रखवालदाराचे होते. रखवालदाराचे कंत्राट दिले गेले होते काय आणि त्याचे बिल निघाले काय, हा प्रश्न त्या पालकांनी विचारलेला नाही. तो आम्ही विचारतो.

असे केल्याने काय होते याचा धडा दिल्लीने २०१० साली दिला. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सुमारे बावीस हजार स्वयंसेवक घेतले होते. त्यांतले जवळजवळ दहा हजार स्पर्धेपूर्वीच निघून गेल्याच्या बातम्या त्या वेळी जगभरच्या वृत्तपत्रांत आल्या. काहींनी गणवेश घेतला आणि परत तोंड दाखविले नाही, म्हणून त्या मुलांना नावे ठेवली गेली. आम्ही त्या मुलांची वकिली करीत नाही. परंतु ज्याला आपण का बोलावले आहे, कोठे उभे राहावयाचे आहे आणि कोणाला विचारावयाचे आहे हे कोणी सांगत नाही, त्याने सदरा घेऊन घरी जावे यात त्याच्या चारित्र्याइतकाच बोलावणाऱ्याच्या अकलेचाही दोष असतो.

मग सगळ्यांनाच पैसे द्यावेत, की प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगावयास लंडनची गोष्ट उपयोगी पडेल. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी तेथे सुमारे २ लाख ४० हजार लोकांनी अर्ज केले आणि त्यांतून ७० हजार स्वयंसेवक निवडले. प्रत्येकाला शिकवून, ज्याचे त्याचे काम समजावून ते उभे केले होते. त्याच वेळी सुरक्षेचे मोठे कंत्राट एका खाजगी कंपनीला दिले होते. उद्घाटनाला दोनतीन आठवडे उरले असता ती कंपनी म्हणू लागली, की आम्हांला पुरेशी माणसे देता येत नाहीत. शेवटी साडेतीन हजार जादा सैनिक बोलावून सरकारने वेळ निभावली. म्हणजे ज्यांना पैसे द्यावयाचे होते ते आले नाहीत, आणि ज्यांना द्यावयाचे नव्हते ते सकाळच्या पहिल्या गाडीने हजर झाले. पैशाने सगळे मिळत नाही, हे कीर्तनातले वाक्य लंडनच्या चौकात खरे ठरले.

पण त्याच लंडनपासून उलटाही बोध घ्यावयाचा असतो. तेथे सुरक्षा हे बहुतांशी पगारी काम आणि आगतस्वागत हे हौसेचे काम, ही वाटणी निदान कागदावर तरी ठरलेली होती. कंत्राटदार फसला तेव्हा त्याची जागा भरून काढावयास सैनिक आले.  आपल्याकडे हे काम कोणाच्या गळ्यात पडले असते, याचे उत्तर वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. जपानातही हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला. तोक्योने २०२० च्या स्पर्धांसाठी ८० हजार स्वयंसेवक मागितले. निदान दहा दिवस, रोज आठ तास, राहण्याची सोय ज्याची त्याने करावी आणि प्रवासापोटी दिवसाला हजार येन, अशा अटी होत्या. शिक्षण आणि जबाबदारी व्यवसायिकाची, पण वेतन शून्य, हे कसले स्वयंसेवकत्व, असे तेथील लोकांनी २०१८ मध्येच विचारले. पुढे महामारी आली, स्पर्धा एक वर्ष लांबल्या, आणि जून २०२१ पर्यंत त्यांतल्या दहा हजार जणांनी नावे मागे घेतली. जपानी माणसाला शिस्त नाही असे तर कोणी म्हणणार नाही!

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे, की ही वाटणी पुण्यात आधी करावी आणि लेखी करावी. फाटकावरची रखवाली, सामान वाहणे, मैदानाची झाडलोट, वाहनतळाची व्यवस्था, खुर्च्या मांडणे, ही ज्यांच्या पोटापाण्याची कामे आहेत त्यांची ती राहू द्यावीत. ती विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेणे म्हणजे एका मुलाला वेठीस धरणे आणि त्याच वेळी एका मजुराचा रोज बुडविणे होय. झाडूवालीच्या हातातला झाडू विद्यार्थ्याच्या हाती देऊन त्याचे छायाचित्र काढण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे. त्या दिवशी झाडूवालीला काय मिळाले, हे त्या छायाचित्रात दिसत नाही.

पाहुण्याला वाट दाखविणे, त्याची भाषा समजून घेणे, हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवणे, आपले शहर त्याला दाखविणे, ही कामे पगारी माणसाकडून करून घेता येतील, पण ती तशी होणार नाहीत. येथे यजमान लागतो. आणि यजमान म्हणून बोलाविलेल्या माणसाला यजमानासारखे वागवावे लागते. त्याला वेळेवर जेवू घालावे. आठ तासांहून अधिक राबवू नये. उन्हात उभे करावयाचे तर सावलीची पाळी असावी. मुलींना रात्री घरापर्यंत पोहोचविण्याची गाडी संयोजकांची असावी. अपघाताचा विमा असावा. काम आठवडाभर आधी शिकवावे, आणि अडचण आली तर कोणाला हाक मारावयाची त्या माणसाचे नाव प्रत्येकाच्या खिशात असावे. या मागण्यांत खर्चाचे असे काय आहे? उद्घाटनसमारंभातल्या एका आतषबाजीच्या पैशांत हे सर्व बसेल. महाविद्यालयांविषयी सांगावयाचे तर, हजेरी आणि गुण यांचा स्पर्धेतल्या कामाशी काहीही संबंध नसावा, असे विद्यापीठाने परिपत्रकच काढावे. गुण नसतील तर मुले येणार नाहीत, अशी भीती काही प्राचार्यांना वाटते. ती आम्हांला वाटत नाही. सूचनाफलकापुढची झुंबड आम्ही पाहिली आहे. जी येणार नाहीत ती न आलेलीच बरी.

महानगरपालिकेसही येथे काम आहे. स्पर्धेचा मांडव उठला, की स्वयंसेवकांची यादी संयोजकांच्या कपाटात जाते, संयोजक समिती विसर्जित होते, आणि कपाट कोठे जाते ते कोणालाच माहीत नसते. वास्तविक परक्या माणसांचा घोळका शांतपणे हाताळण्याचे, प्रथमोपचाराचे, बिनतारी यंत्रावर बोलण्याचे शिक्षण मिळालेली ही माणसे शहराची मिळकत आहेत. गणेशविसर्जनाच्या रात्री, पालखीच्या दिवशी, नदीला पाणी आले तर, त्यांना हाक मारता आली पाहिजे. सिडनी शहराने २००० च्या ऑलिंपिकनंतर आपल्या स्वयंसेवकांची रस्त्यातून मिरवणूक काढली. इतकेच नव्हे, तर तेथील ऑलिंपिक उद्यानात खांब उभारून त्यांवर सुमारे ७४ हजार जणांची नावे लिहून ठेवली. आजही एखादी आजी आपल्या नातवाला तेथे घेऊन जाऊन स्वतःचे नाव दाखवू शकते.

बालेवाडीत असा खांब नाही. २००८ च्या त्या सात दिवसांत जी मुलेमुली तेथे राबली ती आता पस्तीस-चाळिशीच्या घरात असतील. कोणी नोकरीत असेल, कोणी परदेशी असेल, कोणाची मुले शाळेत जात असतील. त्यांची यादी आज शहरात कोणाकडे आहे काय? असल्यास ती प्रसिद्ध व्हावी. नसल्यास ती करण्याचे काम आम्ही आमच्यापुरते सुरू करीत आहोत. त्या स्पर्धेत ज्यांनी काम केले त्यांनी आपले नाव, त्या वेळचे महाविद्यालय आणि कोणते काम नेमून दिले होते ते एका कागदावर लिहून आमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवावे. प्रमाणपत्राची प्रत जोडण्याची आवश्यकता नाही. येतील ती सर्व नावे आम्ही दर रविवारी, जागा असेल तशी, याच पानावर छापू. आणि दहीभाताचा डबा जिचा होता, तिचे पत्र आले तर ते सर्वांत आधी.